नाव शेवटी द्यायचं

चाकणच्या फोर्जिंग शॉपमध्ये ॲक्सलवर प्रोब फिरवणारा माणूस समुद्राला नवखा असेल, सोनारला नाही. माझा भाचा यूटी टेक्निशियनचं, म्हणजे ध्वनीने पोलादातली भेग शोधण्याचं, काम सोडून सागरी सर्वेक्षणाच्या बोटीवर रुजू व्हायला निघाला आहे. मी मूळचा देवगडचा. उमेदीची वर्षं बंदरांच्या आणि खाड्यांच्या सर्व्हेत गेली, आता निगडी प्राधिकरणात राहतो. त्याने मागितलं म्हणून हे लिहून देतोय. भोसरी-चाकण पट्ट्यातल्या आणखी कुणा पोराला उपयोगी पडलं तर बरंच. मॅन्युअलमधलं मॅन्युअलमध्ये वाचावं. जुन्या तांडेलांनी आणि सर्व्हेअरांनी कामावर असताना जे सांगून ठेवलं, तेवढंच इथे आहे.

१. जुनं काम सोबत घेऊन जा

पहिल्या महायुद्धात पाण्याखालून येणाऱ्या शत्रूचा माग काढायला पॉल लांजव्हँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने क्वार्ट्झच्या चकत्यांना विजेचा झटका देऊन पाण्यात ध्वनी सोडला आणि परत आलेला प्रतिध्वनी टिपला. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास तीच युक्ती पोलादातली भेग शोधायला वापरात आली. म्हणजे तुझं खातंच सोनारमधून निघालेलं आहे. पोलादात ध्वनी सेकंदाला सुमारे 5,900 मीटर धावतो, पाण्यात सुमारे 1,500. तू 2 किंवा 4 मेगाहर्ट्झचा प्रोब लावत होतास; बोटीमागे केबलने ओढायचा साइड स्कॅन सोनार, ज्याला फिश म्हणतात, साधारण 100 ते 900 किलोहर्ट्झवर चालतो.

वारंवारतेचा नियम दोन्हीकडे एकच. वाढवलीस तर बारीक दिसतं पण लांबचं दिसत नाही, कमी केलीस तर लांबचं दिसतं पण बारीक हरवतं. म्हणून शोधायला खालची वारंवारता आणि ओळखायला वरची. मोठा पट्टा 100 किलोहर्ट्झने झाडून काढायचा आणि काही संशयास्पद दिसलं की 500 किंवा 900 वर जवळून पुन्हा जायचं. पहिल्याच फेरीत सगळं सुंदर दिसावं म्हणून वरची वारंवारता लावणारे लोक दिवसभरात हाताएवढा समुद्र बघतात.

आणखी दोन सवयी तुझ्याकडे आहेत, त्या जप. बॅक वॉल एको, म्हणजे पार्टच्या मागच्या बाजूवरून येणारा प्रतिध्वनी, घसरला की तू थांबतोस, कारण भेगेचा स्वतःचा एको आला नाही तरी मधे काहीतरी ध्वनी अडवतंय हे तुला कळतं. समुद्रतळावर त्या अडवणुकीची सावली पडते. आणि स्क्रीनवर टोक उठलं की तू त्याला लगेच डिफेक्ट म्हणत नाहीस. आधी ते इंडिकेशन असतं, रेफरन्सशी ताडून, दुसऱ्या बाजूने प्रोब लावून मगच पार्ट रिजेक्ट होतो. सोनारवर जे दिसतं त्याला कॉन्टॅक्ट म्हणतात. कॉन्टॅक्ट म्हणजे बुडालेलं जहाज नव्हे, कंटेनर नव्हे, माणूसही नव्हे. पुढचे सगळे कानमंत्र या एका गोष्टीसाठी आहेत: आधी मोजायचं, मग दुसऱ्या बाजूने बघायचं, आणि नाव शेवटी द्यायचं.

२. बोट सुटण्याआधी कोळीवाड्यात जा

तळावर कुठे काय पडलंय हे सगळ्यात आधी ज्याचं जाळं फाटतं त्याला कळतं. मासेमारी करणारा तांडेल अडचणीची जागा जीपीएसवर टिपून ठेवतो, आणि जीपीएस यायच्या आधी डोंगराचं टोक नि देवळाचा कळस एका रेषेत धरून ध्यानात ठेवायचा. ही यादी कुठल्याही कार्यालयात मिळत नाही. मच्छीमार सोसायटीत जाऊन बस, चहा घे, कुठे जाळं अडकतं ते विचार आणि उत्तर त्याच्याच शब्दांत लिहून घे. तो खोली वावात सांगेल. एक वाव म्हणजे साधारण सहा फूट.

दुसरं कारण नुकसानीचं. मुंबई-रायगडच्या किनाऱ्यावर डोलीची जाळी खुंट रोवून लावलेली असतात. तुझा फिश त्या जाळ्यात गेला तर तुझी केबल जाते आणि त्याचा हंगाम जातो. कोणत्या दिवशी कुठल्या पाण्यात काम आहे ते आधी सांगितलंस तर तोच माणूस तुला वाट काढून देतो.

वेळही त्यालाच विचारून ठरव. मुंबईकडे उधाणाला भरती-ओहोटीतला फरक साडेचार-पाच मीटरवर जातो, पाणी नदीसारखं वाहतं आणि फिश सरळ चालत नाही. अमावास्या-पौर्णिमेचे दिवस टाळ. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, प्रवाह मंदावलेला असतो, चित्र स्वच्छ येतं. लाइन मारताना प्रवाहाला आडवं जाऊ नकोस. त्याच्या सोबत किंवा थेट विरुद्ध जा. आडवा गेलास तर फिशचं तोंड एकीकडे आणि चाल दुसरीकडे होते.

३. ओळखीची वस्तू आधी बघ

व्ही-वन ब्लॉकवर कॅलिब्रेशन केल्याशिवाय तू शिफ्ट सुरू करत नव्हतास. बोटीवर एको साउंडरसाठी बार चेक असतो: मोजलेल्या साखळीवर पट्टी सोडायची, दोन मीटर, चार मीटर, सहा मीटर, आणि यंत्र तेवढंच दाखवतं का ते बघायचं. रोज, काम सुरू करायच्या आधी. साइड स्कॅनसाठी बंदरातली माहितीची वस्तू धर, एखादा बॉयाचा सिंकर किंवा जेट्टीचा खांब, आणि दोन्ही बाजूंनी त्याच्याजवळून जा. डावी-उजवी वाहिनी उलट जोडली गेली असेल तर ती इथेच कळते. मधल्या समुद्रात कळली तर अख्ख्या दिवसाचं काम आरशातलं निघतं.

सरावासाठी समुद्रापर्यंत जायची गरज नाही. पवना जलाशयात वाघेश्वराचं जुनं दगडी मंदिर आहे. वर्षातला बराच काळ ते पाण्याखाली असतं आणि उन्हाळ्यात पाणी उतरलं की उघडं पडतं. मे महिन्यात टेप घेऊन जा. भिंतींची लांबी, उंची, दगडांचे ढीग, पायऱ्या, सगळं मोजून कागदावर काढ. पावसाळ्यानंतर धरण भरलं की तोच कागद हातात धरून सोनारवर बघ. आपण मोजलेला दगड पडद्यावर केवढा दिसतो, कुठल्या बाजूने दिसतच नाही, सावलीत काय लपतं, हे दहा पुस्तकांनी समजणार नाही असं समजेल. फक्त जलसंपदा विभागाची लेखी परवानगी आधी घे. हेच पाणी पुढे नदीने रावेतच्या बंधाऱ्यावर येतं आणि पिंपरी-चिंचवडच्या नळांत जातं. तिथे डिझेल सांडणारी बोट घालायची नाही. उथळ पाण्यात फिश मागे ओढूही नको, बोटीच्या कडेला खांबावर बांध. लाइफ जॅकेट अंगात पाहिजे, बोटीत नव्हे.

४. पाण्यातला वेग गृहीत धरू नकोस

पोलादाचा ग्रेड तोच असेल तर वेगही तोच, म्हणून कारखान्यात तू एकदा सेट करून दिवस काढायचास. पाण्याचा ग्रेड दर तासाला बदलतो. 25 अंशाला गोड्या पाण्यात ध्वनी सेकंदाला सुमारे 1,497 मीटर जातो, खाऱ्या समुद्रात त्याच तापमानाला सुमारे 1,534. पवनेवर सराव करून तीच सेटिंग घेऊन समुद्रात गेलास तर 20 मीटर खोलीला जवळपास अर्ध्या मीटरचा फरक पडेल, आणि बंदराच्या नकाशावर अर्धा मीटर म्हणजे जहाज रुतणं किंवा न रुतणं. खाडीच्या तोंडाशी पावसाळ्यानंतर वर गोडं आणि खाली खारं असे थर असतात. ध्वनी त्या थरांतून जाताना वाकतो आणि लांबचा तळ फसवा दिसतो. म्हणून वेग मोजायचं उपकरण सकाळी, भरती फिरल्यावर आणि जागा बदलल्यावर पाण्यात सोडायचंच. कंटाळा आला तरी.

५. फिश खाली ठेव

नवे लोक फिश वर ठेवतात, तळाला आपटेल या भीतीने. भीती रास्त आहे, पण वरून सोडलेल्या ध्वनीला सावली पडत नाही. शॉप फ्लोअरवर पडलेला बारीक स्क्रू शोधताना तू टॉर्च जमिनीलगत आडवी धरतोस, तसंच हे. जुना हिशेब असा: एका बाजूला जेवढी रेंज लावलीस तिच्या दहा ते वीस टक्के उंचीवर फिश चालला पाहिजे. 75 मीटर रेंजला तळापासून साडेसात ते पंधरा मीटर.

विंचवरचा माणूस आणि स्क्रीनवरचा माणूस यांच्यात बोलणं सतत चालू राहिलं पाहिजे. तळ चढायला लागला की आधी केबल आत घ्यायची. बोटीचा वेग कमी करायचा नाही, कारण वेग कमी झाला की फिश आणखी खाली बसतो. उंचवटा अचानक आला तर वेग थोडा वाढव, फिश वर उचलला जातो. थांबायची आणि मागे यायची चूक कुणी करू नये. केबल पंख्यात गेली की त्या दिवसाचं काम आणि बहुधा यंत्रही संपलं.

६. वस्तू सोड, सावली मोज

पडद्यावर उजळ ठिपका दिसला की सगळ्यांचे डोळे त्याच्यावर जातात. तुझे सावलीवर जाऊ देत. ठिपका ध्वनी किती जोरात परतला एवढंच सांगतो. कठीण दगडाचा गोटा मोठ्या लाकडी होडीपेक्षा जास्त उजळ दिसू शकतो. आकार सावलीत असतो. फिशच्या बाजूने बघत आधी उजळ आणि मग काळं आलं तर तो उंचवटा. आधी काळं आणि मग उजळ आलं तर खड्डा. सावली वस्तूपासून सुटलेली, मधे फट असलेली दिसली तर वस्तू तळावर टेकलेली नाही. बहुतेक वेळा तो माशांचा थवा असतो.

उंची काढायला तीन मापं पुरतात: सावलीची लांबी, फिशची तळापासूनची उंची आणि फिशपासून सावलीच्या टोकापर्यंतचं तिरकं अंतर. पहिल्या दोन आकड्यांचा गुणाकार करून तिसऱ्याने भाग. फिश 10 मीटरवर, सावली 13 मीटर लांब, सावलीचं टोक 50 मीटरवर: 13 गुणिले 10 भागिले 50, म्हणजे 2.6 मीटर. तळ सपाट असेल तर हा हिशेब पक्का बसतो.

2.6 मीटर हा आकडा मुद्दाम घेतला. तळेगाव-चाकण रस्त्यावर रोज ज्यांच्या मागे अडकलास त्या कंटेनरची उंची तेवढीच असते. वीस फुटी कंटेनर 6.1 मीटर लांब आणि 2.4 मीटर रुंद. हे आकडे पाठ कर, कारण इथले सुटे भाग ज्या न्हावा शेवा बंदरातून जातात तिथेच ते कामी आले आहेत. 7 ऑगस्ट 2010 ला बंदराबाहेर एमएससी चित्रा आणि खलिजिया-3 या जहाजांची टक्कर झाली, चित्रा कलंडली आणि तिच्यावरचे कंटेनर समुद्रात पडले. काही तरंगत गेले, काही बुडाले. मुंबई आणि न्हावा शेवा दोन्ही बंदरांची वाहतूक काही दिवस थांबली आणि नौकामार्गाचा तळ नौदलाला सोनारने तपासावा लागला. अशा वेळी तळावर पडलेला चौकोन कंटेनर आहे की खडकाचा तुकडा, हे सरळ कडा, काटकोन आणि 2.6 मीटरची सावली या तिघांनी मिळून ठरतं. तिन्हींपैकी एक जुळत नसेल तर कंटेनर म्हणू नकोस.

७. सावकाश चाल, ओळी दाट मार

इथे अंदाज नको, गणित कर. रेंज 75 मीटर असेल तर ध्वनीला जाऊन-येऊन 150 मीटर जायचं आहे, म्हणजे सेकंदाचा दहावा भाग. सेकंदाला दहापेक्षा जास्त पिंग, म्हणजे ध्वनीचे ठोके, सोडताच येत नाहीत. बोट 4 नॉटने, म्हणजे सेकंदाला साधारण 2 मीटर चालली तर दर 20 सेंटिमीटरला एक पिंग पडतो. एक मीटरच्या वस्तूवर पाच पिंग बसतात, ती दिसते. वेग 8 नॉट केलास किंवा रेंज 150 केलीस तर तिच्यावर दोन-तीनच पिंग बसतील आणि ती वाळूच्या लाटांत मिसळून जाईल. दोन्ही एकदम केलंस तर एखादाच पिंग लागला तर लागला. डिझेल वाचवायला वेग वाढवा असं कुणी म्हणालं तर हे गणित त्याच्यापुढे ठेव आणि केवढी वस्तू शोधायची आहे ते लेखी विचार.

फिशच्या बरोबर खालची पट्टी साइड स्कॅनला नीट दिसत नाही. म्हणून दोन ओळींमधलं अंतर रेंजपेक्षा कमी पाहिजे. 75 मीटर रेंजला 60 मीटरवर पुढची ओळ घेतलीस तर पहिल्या ओळीखालची आंधळी पट्टी दुसऱ्या ओळीतून दिसते. वळणावर जे चित्र येतं ते ताणलेलं आणि चुरगळलेलं असतं. वळणावरचा एकही कॉन्टॅक्ट वहीत घ्यायचा नाही. सरळ ओळ मारून त्या जागी पुन्हा जायचं.

८. उलट दिशेने परत ये

जीपीएसचा अँटेना बोटीवर असतो आणि वस्तू बघणारा फिश केबलच्या टोकाला, मागे. 50 मीटर केबल सोडली आणि फिश 10 मीटर खोल असला तर तो बोटीच्या जवळजवळ 49 मीटर मागे चालतो. ही मागची ओढ, ज्याला ले-बॅक म्हणतात, यंत्रात नीट भरली नाही तर पाणबुड्या रिकाम्या चिखलात उतरेल.

याची परीक्षा सोपी आहे. तीच ओळ उलट दिशेने मार. कॉन्टॅक्ट दोन्ही वेळा एकाच जागी आला तर भरलेले आकडे बरोबर. ले-बॅक अजिबात भरलेली नसेल तर तीच वस्तू दोन ठिकाणी, एकमेकांपासून सुमारे 98 मीटरवर दिसेल, आणि खरी जागा त्या दोहोंच्या मधोमध असेल. मग तिसरी ओळ आडवी मार, काटकोनात. पाइपसारखी लांबट वस्तू एका दिशेने ठसठशीत दिसते आणि दुसऱ्या दिशेने नाहीशी होते. ध्वनी भेगेला समांतर गेला की एको मरतो, तेच. तीन ओळींत तीन वेळा दिसलेला कॉन्टॅक्टच पाणबुड्याला दाखवायचा.

९. आपल्याच बोटीवर आधी संशय घे

कारखान्यात ग्रीस सुकलं की प्रोबखाली हवा येते आणि पडदा रिकामा होतो. समुद्रात पाणीच त्या ग्रीसचं, कपलंटचं काम करतं, पण पंख्याने उसळवलेले बुडबुडे तीच हवा आहेत. आपल्याच मागच्या फेरीतला फेस पुढच्या फेरीत ढगासारखा दिसतो. शेजारून ट्रॉलर गेला तर थोडा वेळ थांब. पडद्यावर ठरावीक अंतराने येणाऱ्या रेघा दिसल्या तर त्या तळावर नाहीत, बोटीवरच्या एको साउंडरचा आवाज सोनारमध्ये शिरतोय. तो काही वेळ बंद करून बघ. सगळं चित्र लाटेसारखं डुलत असेल तर समुद्र उठलाय आणि फिश झोके घेतोय. त्या दिवशी परत फिरायचं. परत फिरण्याचा निर्णय तांडेलचा आणि त्यावर वाद नाही.

गेनचं, म्हणजे एको वाढवायचं, बटण सारखं फिरवू नकोस. एकदा बसवलं की ओळभर तसंच राहू दे. मधेच गेन बदलला तर वाळूचा चिखल आणि चिखलाचा खडक होतो, आणि संध्याकाळी कुणाला कळत नाही की तळ बदलला की बटण.

१०. गाळाखालचं दुसऱ्याला विचार

आपल्या खाड्यांत आणि बंदरांत तळ म्हणजे बरेचदा घट्ट जमीन नसते, पातळ गाळाचा थर असतो. 200 किलोहर्ट्झच्या आसपासचा एको त्या थराच्या पृष्ठभागावरून परततो, 33 किलोहर्ट्झचा त्यात शिरून खालच्या घट्ट थरावरून येतो. म्हणून बंदरातल्या कामात दोन वारंवारतांचा साउंडर लावतात आणि दोन्ही खोल्या नोंदवतात. पण गाळात पूर्ण रुतलेली वस्तू साइड स्कॅनला दिसतच नाही. तिथे काही किलोहर्ट्झवर चालणारा सब-बॉटम प्रोफाइलर लागतो, आणि लोखंड असेल तर मॅग्नेटोमीटर.

2 ऑगस्ट 2016 च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन पूल पुरात कोसळला आणि दोन एसटी बस वाहून गेल्या. पूर, प्रवाह आणि गाळ यांच्यात शोध चालला. नौदलाचे पाणबुडे उतरले, क्रेनला मोठे लोहचुंबक बांधून नदीचा तळ चाचपला गेला, आणि पहिल्या बसचा सांगाडा हाती लागेपर्यंत आठवडा उलटून गेला होता. बसएवढी वस्तू नदीएवढ्या पाण्यात सापडायला एवढा वेळ लागतो, हे ध्यानात ठेव आणि कुणाला तासांत उत्तर द्यायचं कबूल करू नकोस.

आपल्याच भागातली इंद्रायणी बघ. कुंडमळ्याला नदीचं पात्र खडकाचं आहे, रांजणखळग्यांनी भरलेलं. 15 जून 2025 ला तिथला जुना लोखंडी पूल पडला आणि माणसं वाहून गेली. अशा तळावर प्रत्येक खडकाला सावली असते. तिथे सोनार लावला तर शंभर कॉन्टॅक्ट मिळतील, त्यातला कामाचा कुठला हे तो सांगणार नाही. अशा जागी दोर, गळ, पोहणारी माणसं आणि नदीकाठचा अनुभव हीच मुख्य साधनं. यंत्र कुठे घेऊन जायचं नाही हे सांगता येणं हाही कामाचाच भाग आहे.

११. पडद्यासमोर तोंड मिटून बस

चक्रीवादळात, पुरात, अपघातात शोध चालू असतो तेव्हा काठावर घरची माणसं उभी असतात. पडदा त्यांना दिसेल असा ठेवायचा नाही. बोटीवर कुणी "सापडलं" असं ओरडायचं नाही. वॉकी-टॉकीवर फक्त कॉन्टॅक्टचा नंबर आणि स्थान सांगायचं. पाणबुड्याचा हात लागेपर्यंत बातमी नाही. तू सावलीवरून माणसाचा आकार आहे असं पुटपुटलास आणि खाली ओंडका निघाला, तर काठावरच्या आईला तेच दुःख दोनदा भोगावं लागतं.

मोठ्या संस्थाही हेच पाळतात. मे 2021 मध्ये तौक्ते वादळात मुंबईपासून दूर समुद्रात पी-305 हा बार्ज बुडाला, तेव्हा नौदलाने साइड स्कॅन सोनार असलेलं आयएनएस मकर आणि पाणबुड्यांची पथकं एकत्रच पाठवली. यंत्राने जागा दाखवायची, खात्री माणसाने करायची. हवाई दलाचं एएन-32 विमान 22 जुलै 2016 ला बंगालच्या उपसागरावर 29 जणांसह नाहीसं झालं होतं. चेन्नईच्या राष्ट्रीय सागर तंत्रज्ञान संस्थेने खोल पाण्यात स्वतः फिरणारं वाहन सोडून 3,400 मीटर खोलीवर, चेन्नईपासून सुमारे 310 किलोमीटरवर अवशेष शोधले. त्या वाहनावर मल्टीबीम सोनार होता, सिंथेटिक ॲपर्चर सोनार होता, तरी कॅमेराही होता. फोटो तपासून ते एएन-32 शी जुळतात असं ठरल्यावरच, जानेवारी 2024 मध्ये, जाहीर झालं. एवढी भारी सोनार यंत्रं हाताशी असून त्यांनी नाव द्यायला फोटोची वाट पाहिली. तू तर वाट पाहायलाच हवी.

जुन्या गलबताचे, तोफांचे, नांगरांचे कॉन्टॅक्ट कधीतरी मिळतील. गोव्याच्या किनाऱ्यावर सुंची रीफजवळ सतराव्या शतकातल्या पोर्तुगीज जहाजाचे अवशेष दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने अभ्यासले आहेत, विजयदुर्गाजवळच्या पाण्याखालच्या भिंतीचाही अभ्यास तिथल्या लोकांनी केला आहे. असं काही दिसलं तर मोबाइलवर फोटो काढून मित्रांना पाठवू नकोस. स्थान फुटलं की आठवड्यात तिथे गळ टाकणारे पोचतात. सर्व्हेच्या प्रमुखाला कळव, तो पुढे कळवील.

१२. सापडलं नाही, तेही लिही

कॉन्टॅक्टच्या वहीत प्रत्येक नोंदीला सारखेच रकाने ठेव: वेळ, ओळीचा नंबर, दिशा, स्थान, लांबी, रुंदी, सावलीवरून काढलेली उंची, किती ओळींत दिसला. शेवटचा रकाना नावाचा, आणि तो पेन्सिलने. पाणबुड्या किंवा कॅमेरा खाली जाऊन आल्यावर पेनने. नोंद बदलली तर खोडायचं नाही, जुन्यावर एक आडवी रेघ मारून बाजूला नवं आणि तारीख.

रिकामा पट्टाही याच काळजीने लिहायचा. "काही आढळलं नाही" एवढं वाक्य निरुपयोगी आहे. कुठल्या सीमेत, किती रेंजने, किती वेगाने, किती दाट ओळी मारून, आणि त्यात केवढ्या आकारापर्यंतची वस्तू दिसली असती, हे सगळं लिही. एक मीटरपेक्षा मोठं काही नाही असं खात्रीने लिहिता आलं तर तेवढं पाणी पुढच्याने पुन्हा चाळायची गरज उरत नाही. खात्री नसेल तर गरज उरते, आणि तेही त्याला कळलं पाहिजे. चाकणला तुझ्या सहीशिवाय पार्ट डिस्पॅचला जात नव्हता. इथे तुझ्या सहीवर जहाजाचा कप्तान त्या पाण्यात शिरणार आहे. वही रोज संध्याकाळी, धक्क्याला लागायच्या आत पूर्ण कर आणि सही करण्याआधी आकडे दुसऱ्या माणसाकडून मोठ्याने वाचून घे.